इंजिनाचं तोंड

मी भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. अंगावर पाल पडली तर मी आजही, या वयात, गुडघे बोंबलत असताना खुर्चीवर चढते. आणि अशी मी ऐन तरुणपणी आमची डिझेलची जीप चालवत होते, तिचं तेलपाणी बघत होते, तिच्याखाली निजून नट आवळत होते. हौस म्हणून नव्हे हो. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. दादा मुंबईला नोकरीत अडकलेला. आणि आमची आंब्याची बाग वर सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्याचा उघडा माळ. तिथे एसटी जात नव्हती आणि रिक्षावाले नुसतं नाव काढलं तरी हात जोडायचे. पेट्या खाली आणायच्या कोणी? आई म्हणाली, "तू शीक." अप्पांनी आजाराच्या आधी हौसेने मला बागेतल्या वाटेवर चालवायला शिकवली होती, तेवढ्या भांडवलावर मी बसले. पहिल्या दिवशी क्लचवर पाय आहे की नाही तेच कळत नव्हतं.

जीप मूळची पेट्रोलची. अप्पांनी ती कुठल्याशा लिलावातून आणली आणि देवरूखच्या सदा मेस्त्रीकडून तिच्यात डिझेलचं जुनं इंजिन बसवून घेतलं. ते इंजिन सुरू झालं की आख्खा मांगर हलायचा. मांगर म्हणजे बागेतलं आमचं दोन खोल्यांचं मातीचं घर. हंगामभर आम्ही तिथेच राहायचो. फळीवरच्या बरण्या एकमेकींवर किणकिणायच्या, आईचा चहाचा टोप चुलीवर सरकायचा, आणि माझ्या पोटात गोळा यायचा. मी आता मुलाकडे मांडवीला राहते. पहाटे एखादी लाँच समुद्रावर निघते, तिचं इंजिन धडधडायला लागलं की तो गोळा अजून येतो. सून म्हणते, "आई, बीपी बघू या का?" मी म्हणते, "बीपी नाही गो, जीप आहे ती."

त्या जीपच्या तऱ्हा किती सांगू! स्टार्टर कधीचा गेलेला, म्हणून ती नेहमी उतारावर, खाली तोंड करून उभी करायची आणि पुढच्या चाकाखाली चिरा लावायचा. निघताना चिरा काढायचा, गाडी आपणहून घरंगळायला लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की एक हिसका देऊन सुरू. डिझेल संपत आलं की ती हवा ओढायची आणि वाटेत मरायची. मग बॉनेट उघडून फिल्टरवरचा नट सैल करायचा आणि छोटा पंप अंगठ्याने दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल, की नट आवळायचा. याला 'एअर काढणे' म्हणतात. पुस्तकातलं काहीही विसरेन, पण ते मी झोपेतही करीन. हाताला डिझेलचा वास इतका मुरला होता की आई मला पीठ भिजवू द्यायची नाही. "तुझ्या हातची भाकरी पेटेल," म्हणायची.

अप्पा मेस्त्री नव्हते, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पण त्यांनी त्या इंजिनाला माणसाचे अवयव देऊन टाकले होते. डिझेलच्या टाकीला पोट, सायलेन्सरला मोरी, आणि हवा आत जाते त्या नळीला तोंड. आजाराआधी एकदा त्यांनी मला मुद्दाम घाबरवलं होतं. "हे बघ बाय, पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. चावी फिरवली, ठिणगी गेली, गाडी मेली. हिला ठिणगी नको. हिला फक्त खायला हवं आणि वारा हवा. आपण ही स्टॉप-वायर ओढतो म्हणजे काय करतो? डिझेल तोडतो. पण हिला दुसरीकडून खायला मिळालं तर?"

"दुसरीकडून कुठून?"

"तेल! कुठूनतरी तेल ओढायला लागली की ती पिसाळते. मग वायर ओढ नाहीतर देव पाण्यात ठेव, थांबायची नाही. वाढत वाढत जाते आणि शेवटी फुटते. त्यावर उपाय एकच, तोंड दाबायचं. वारा बंद, की खेळ खलास." आणि मग माझ्याकडे बघून मिशीत हसले. "हात लावू नकोस हां पण. हात ओढून घेईल." झालं! त्यानंतर मी कधी बॉनेट उघडलं की आधी त्या नळीपासून हात लांब धरायचे.

त्या तोंडाच्या आधी एक लोखंडी डबा होता, हवा गाळायचा. त्याच्या तळाला वाटी आणि वाटीत तेल. वाऱ्याबरोबर आलेली धूळ त्या तेलात चिकटून राहते. आमच्याकडची तांबडी माती तुम्हाला ठाऊकच आहे, चार फेऱ्यांत त्या तेलाची नाचणीची आंबील व्हायची. मग वाटी काढायची, खरवडायची, डिझेलने धुवायची आणि नवं तेल घालायचं. वाटीला आतून एक रेघ होती. तेल रेघेपर्यंत, वर थेंबही नाही. अप्पा मास्तर होते, त्यांना रेघा फार प्रिय.

आता आईबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझी आई हेदवीकडची. तिच्या माहेरी भांडं अर्धं भरणं हा गुन्हा होता. समई भरायची तर काठोकाठ, शेजारी आमटी द्यायची तर वाटी काठोकाठ, घरी आलेल्याचा चहा कपातून बशीत सांडला पाहिजे. "अर्धा कप द्यायला आपण काय हॉटेल उघडलंय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. अप्पांचा उजवा हात लुळा पडला, डावा थरथरायचा, तरी त्यांचा कप ती काठापर्यंतच भरायची. कप उचलला की चहा मांडीवर. अप्पा काही बोलायचे नाहीत. बोलणार तरी काय? झटक्याने त्यांची वाचा नेली होती. पंचक्रोशीत ज्यांच्या बोलण्याला लोक हसून हसून पोट धरायचे, त्यांच्याकडे मूठभर शब्द उरले होते. हो, नको, मी, अजून, तोंड. माझं नावसुद्धा त्यांना सापडत नव्हतं. ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ गळायची आणि त्याची त्यांना फार लाज वाटायची. 'तोंड' म्हणाले की आई लगेच पदराने पुसायची. वर्षभर तोंड म्हणजे तेवढंच. त्यांना पुन्हा काही होईल या भीतीने मी रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघायची, आणि खरं सांगते, माझी जीपची भीती त्या भीतीपुढे काहीच नव्हती.

हंगाम संपला. शेवटच्या पेट्या गेल्या, गड्यांचा हिशेब झाला आणि आता मांगर बंद करून खाली गावातल्या घरी जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी सकाळी हवेची वाटी काढून, धुऊन उन्हात उपडी घातली आणि विहिरीवर कपडे धुवायला गेले. परत आले तर आई अप्पांच्या खुर्चीपाशी उभी. अप्पा मांगराच्या पडवीत, जीपकडे तोंड करून बसलेले. "तोंड," ते म्हणाले. आईने पुसलं. "तोंड!" पुन्हा पुसलं. त्यांनी डाव्या हाताने पदर झटकून टाकला आणि आणखी मोठ्याने "तोंड! तोंड!" आई रडकुंडीला आली. "अहो पुसलं की! कोरडं ठाक आहे! काय झालंय तुम्हाला?" अप्पांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, डोक्यात काहीतरी बिघडतंय, पुन्हा झटका येणार. त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. वाटी जागेवर बसवलेली दिसली, आई म्हणाली, "मी लावून टाकली, तुला तेवढीच मदत," आणि मी त्या धांदलीत हुं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून आम्ही सामान भरलं. परात, तवा, टोप, पोळपाट, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या बरण्या, सगळं मागे, आणि त्यात मांडी घालून आई. पुढे माझ्या शेजारी अप्पा. त्यांना चढवायला दोन गडी लागले. एकदा बसवले की त्यांना आपणहून उतरता येत नसे. पडू नयेत म्हणून मी त्यांना सीटला जुन्या सुती साडीने बांधत असे. गडी निरोप घेऊन बागेच्या दुसऱ्या वाटेने गेले. समोर उतार होता, आणि उताराच्या तळाशी वळणावर जुनी चिरेखाण. जांभ्याचे चिरे कापून कापून चौकोनी खड्डा झालेला, भिंती सरळसोट, तळात हिरवं पाणी. रस्ता आणि खाण यांच्यामध्ये फक्त गुडघाभर गडगा, दगड रचून केलेला बांध. त्या वळणावर मी रोज मनातल्या मनात गणपतीला हाक मारायची. त्या दिवशीही मारली, चिरा काढला, उडी मारून बसले, गाडी घरंगळली, दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला.

इंजिन लागलं. आणि लागल्या लागल्या ओरडलं. नेहमीची धडधड नव्हे, एक किंचाळी, आणि ती चढतच गेली. मी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, काही फरक नाही. मागे बघितलं तर आई दिसेना, नुसता निळा-पांढरा धूर. गाडी उतारावर सुटली. मी स्टॉप-वायर ओढली. पुन्हा ओढली. वायरची मूठ हातात आली तरी ओढत होते! ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभी राहिले तर ब्रेक जळल्याचा वास यायला लागला, आणि वळण समोर, आणि त्या पलीकडे काही नाही, नुसतं आभाळ. मेले, असंच मला वाटलं. दुसरं काही नाही. अप्पा बांधलेले आहेत, मी बांधलंय, हे मग आठवलं.

मी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवलं. हे धाडस नव्हे, खाणीपासून पळणं होतं. गाडी चिऱ्यांच्या चढावावर धडकली, नाक दरडीत रुतलं आणि थांबली. मी क्लच दाबून गिअर काढला. आणि तिथेच खरी भीती सुरू झाली. गाडी थांबली होती, इंजिन थांबलं नव्हतं. मोकळं सुटल्यावर ते आणखी चढलं. बॉनेट थडथडत होतं, समोरची काच कापत होती, मागच्या भांड्यांचा एकच कल्लोळ. ते फुटणार हे मला ठाऊक होतं, अप्पांनीच सांगितलं होतं. आणि फुटलं की पत्र्याच्या पलीकडे पहिले अप्पा. मी साडीची गाठ सोडायला गेले, बोटं ऐकेनात. पळ, असं अंगातलं सगळं रक्त सांगत होतं. पळ! मी एक पाय बाहेर टाकलाही होता.

"तोंड!" अप्पा ओरडले.

आईने मागून वाकून, त्या धुरात खोकत, त्यांचं तोंड पुसलं. विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मरणाच्या दारात माझी आई त्यांची लाळ पुसत होती. अप्पांनी मान झटकली, तिच्या हाताला हिसडा दिला, आणि थरथरता डावा हात उचलून बॉनेटकडे केला. "तोंड! तोंड!"

कालचं सगळं एका क्षणात डोक्यात लख्ख झालं. पडवीतली खुर्ची, जीपकडे लागलेली नजर, झटकलेला पदर. देवा रे! माणूस काल सबंध सकाळ हेच सांगत होता.

"आई, पोळपाट!" मी किंचाळले.

"काय?"

"पोळपाट दे गो! पोळपाट!"

तिने कारण विचारलं नाही, हे तिचे उपकार. मी बॉनेट उचललं. आत सगळं तेलाने माखलेलं, आवाज तर असा की कानात खिळे ठोकल्यासारखं झालं. डब्यापासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी टायरच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली होती, ती मी ओरबाडून ओढली. खाली इंजिनाचं उघडं तोंड वर आ वासून वारा ओढत होतं. तोवर आई भांड्यांच्या ढिगाऱ्यावरून उतरून माझ्या शेजारी आली होती, पोळपाट छातीशी धरून. मी तो हिसकावून घेतला, पाय वर, लाटायची बाजू खाली, आणि त्या भोकावर आपटला. तो असा खेचला गेला की माझे हात खाली गेले. आईने माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघी अंगाच्या सगळ्या भाराने त्यावर ओणवल्या. मी डोळे मिटले होते. इंजिन हिसके देऊ लागलं, एक, आणखी एक, सगळी गाडी कुथल्यासारखी हलली. आणि मग काही नाही. मागे कुठेतरी एक झाकण गोल गोल फिरत होतं, ते थांबायला फार वेळ लागला.

मी खाली मातीत बसले आणि मोठ्याने रडले. लाजबीज काही नाही, लहान मूल रडतं तशी. आई उभीच होती. तिच्या हातात आता त्या वाटीचा डबा होता. तिने तो वाकून बघितला, बोट घातलं. मग माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाली, "काठापर्यंत भरलं होतं गो मी. म्हटलं, समईसारखंच असेल."

आता लिहितेच आहे तर सांगते: तिचा चेहरा बघून मला जी भीती वाटली, ती खाणीचीसुद्धा वाटली नव्हती. ती आयुष्यभर हे घेऊन बसेल, अशी ती भीती होती. रात्रभर उतारावर खाली तोंड करून उभी गाडी, वाटी काठोकाठ, दुपारी इंजिनाने पहिला श्वास घेतला आणि त्या श्वासाबरोबर तेल. तिला यातलं काय ठाऊक असणार? तिने भांडं रिकामं बघितलं आणि भरलं.

खाली वाडीवर निरोप गेला, माणसं आली, आणि उन्हं कलायच्या आत सदा मेस्त्री मोटारसायकलवरून हजर. त्याने इंजिनात डोकं घातलं, दांडा फिरवून पाहिला, कान लावून ऐकलं. "वाचलं," तो म्हणाला. "आणखी थोडं चाललं असतं तर रॉड बॉनेट फोडून भायेर आला असता." मग त्याने डबा उचलला, तिरका केला, तेलाची धार मातीत पडली. भोवती वाडीतली पाच-सहा माणसं उभी. सदाने वर बघितलं. "ही वाटी कोणी भरलीन?"

आईने पदर तोंडाशी नेला. माझ्या जिभेवर शब्द आला होता, कुठला ते मला आजही माहीत नाही. पण त्याआधी सीटवरून आवाज आला.

"मी."

सगळे वळले. अप्पा साडीने बांधलेले, ताठ बसलेले. त्यांनी डावा हात उचलून छातीवर ठेवला. तो हात थरथरत होता. ज्याला चहाचा कप धरता येत नाही, त्याने तेलाचा डबा उचलला, ओतला, वाटी आवळून बसवली, हे कोणाला पटणार होतं? सदाने त्या हाताकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि खाली वाकून नळी बांधायला लागला. "मास्तर, तुमी पण काय ता," एवढंच म्हणाला. वाडीतली माणसं उगाच दरडीकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी आम्ही दोरीने ओढून आणलेल्या जीपमधून घरी पोचलो. आईने चूल पेटवली, चहा टाकला. मी उंबऱ्यात बसले होते, नखांत तेल. तो पोळपाट आजही माझ्याकडे आहे. त्याच्या लाटायच्या बाजूवर एक काळं गोल कडं उमटलंय, घासून जात नाही. मोदकाची पारी लाटताना ते पारीखाली असतं. नातवंडं विचारतात, मी सांगते, जळलाय.

आईने कप घेतला. गाळणं धरलं आणि ओतायला लागली, आणि मध्येच थांबली. कप अर्धा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, टोप हातात तिरका धरून, मला वाटलं आता भरेल. तिने टोप खाली ठेवला आणि तो अर्धा कप तसाच अप्पांपुढे नेला. अप्पांनी डाव्या हाताने उचलला. हात थरथरला, चहा कपात या काठावरून त्या काठावर गेला, पण बाहेर आला नाही. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, एक थेंब न सांडता, आणि रिकामा कप आईपुढे धरला.

"अजून," म्हणाले.